उसनी सही

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातील एका आरोग्य प्रशिक्षण केंद्राने मला बोलावले होते. विषय दिला होता, 'आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी कायदा व नीतिमत्ता : प्राथमिक ओळख'. वेळ दोन तास. त्यातला पाऊण तास दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक आणि मुख्य पाहुण्यांची वाट पाहण्यात गेला. समोर दवाखान्यांतल्या सिस्टर, उपकेंद्रांच्या एएनएम, काही आशाताई आणि दोन समुपदेशक बसल्या होत्या. मी तयार करून नेलेली टिपणे बाजूला ठेवली आणि फळ्यावर एकच प्रश्न लिहिला. बाई २७ वर्षांची, लग्न झालेली, दोन मुले, आठवा आठवडा चालू, तिला गर्भपात करून घ्यायचा आहे. तर संमतीच्या कागदावर कोणाकोणाच्या सह्या हव्यात?

चिठ्ठ्या गोळा केल्या. तीनचार जणी सोडल्या तर सगळ्यांनी 'नवऱ्याची' असे लिहिले होते. काहींनी 'नवरा व सासू'. एकीने लिहिले होते, 'नवरा, नसल्यास जबाबदार पुरुष नातेवाईक'. फक्त बाईची सही पुरते असे ज्यांनी लिहिले त्यांच्यापैकीही एकीने पुढे प्रश्नचिन्ह टाकले होते.

मी उत्तर सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या एक वयस्क सिस्टर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मॅडम, असेल तुमचा कायदा. पण रात्री अकरा वाजता नवरा दहा माणसं घेऊन वॉर्डाच्या दारात येतो, तेव्हा तुमचा कायदा येतो का तिथं?" सगळ्याजणी हसल्या. मीही हसले, पण त्या प्रश्नाला त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे बराचसा त्याच सिस्टरना उशिरा दिलेले उत्तर आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण आपल्या गटांमधल्या कार्यकर्त्यांनाही ते अनेकदा नेमके ठाऊक नसते. वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ सालचा, लागू झाला १ एप्रिल १९७२ पासून. त्याच्या तिसऱ्या कलमात संमतीबद्दल दोनच गोष्टी आहेत. मुलगी १८ वर्षांखालची असेल किंवा बाई मानसिक आजारी असेल तर पालकाची लेखी संमती लागते. बाकी सर्व प्रसंगी गरोदर बाईची स्वतःची संमती लागते, आणि दुसऱ्या कोणाचीही लागत नाही. संमतीसाठी 'सी' नमुन्याचा जो कागद आहे त्यात 'अमक्याची मुलगी अथवा पत्नी' अशी एक रिकामी जागा आहे. नवऱ्याला तिथे नावापुरती जागा आहे, सहीसाठी नाही. २०२१ साली कायदा बदलला, मुदत वाढली, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले, काही ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत सोय झाली. पण संमतीचे कलम होते तसेच राहिले. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट कायद्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेली आहे. तरीही दवाखान्याच्या टेबलावर छापील किंवा झेरॉक्स केलेला दुसराच एक कागद असतो आणि त्यावर 'पतीची सही' अशी ओळ असते. ही ओळ कोणी घातली, कधी घातली, विचाराल तर कोणालाच सांगता येत नाही.

आता माझी गोष्ट. ती सांगायला मला अकरा वर्षे लागली.

२०१४ साली मी एका दवाखान्यात वैद्यकीय समाजसेविका म्हणून कंत्राटावर होते. एम. एस. डब्ल्यू. होऊन फार दिवस झाले नव्हते. फादर बिस्टेक यांची केसवर्कची सात तत्त्वे पाठ होती. स्वयंनिर्णय, गोपनीयता यांवर परीक्षेत पानेच्या पाने लिहिली होती. एका बाजाराच्या दिवशी एक बाई माझ्या टेबलाशी आली. हातात मेथीच्या जुड्यांची पिशवी होती, म्हणजे घरी बाजाराला जाते म्हणून सांगून निघालेली. दोन मुले. नवरा ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी. तांबी बसवली होती, ती पडून गेली आणि तिच्या लक्षात आले नाही. ओपीडीतल्या सिस्टरनी नवऱ्याची सही आणायला सांगून तिला परत पाठवले होते. जाता जाता कोणीतरी म्हणाले, त्या खोलीतल्या ताईंना विचार, म्हणून ती आत आली.

"ताई, मला हे नको. ह्यांना कळलं तर ठेव म्हणतील. आन् माझ्याच्यानं आता हुत नाही."

याहून स्वच्छ संमती मी त्यानंतर क्वचितच ऐकली असेल. मला कायदा माहीत होता. उठून सिस्टरकडे जायचे, कलम सांगायचे, नाही ऐकले तर डॉक्टरांकडे जायचे, एवढेच काम होते. पण मी नवीन, सिस्टर वीस वर्षांच्या जुन्या, डॉक्टरांशी माझे आधीच एका प्रकरणावरून वाजलेले, आणि कंत्राट मार्चमध्ये संपणार. मी म्हणाले, "अगं, कोणाची तरी सही घेऊन ये. म्हणजे काम लवकर होईल." तिने विचारले, "कुणाची बी चालंल?" मी म्हणाले, "चालेल."

पुढच्या बाजाराला ती सही घेऊन आली. 'पतीची सही' या ओळीवर इंग्रजीत, झोकात केलेली. सिस्टरनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि कागद फाइलला टाचला. काम झाले. महिन्याच्या अहवालात माझा एक आकडा वाढला.

सव्वा वर्षाने ती आमच्या सल्ला केंद्रात आली. ती सही तिच्या चुलत दिराची होती. कारखान्यावर कारकून, शिकलेला, घरात तोच काय तो सही करणारा. सही देताना त्याने काही मागितले नव्हते. चार महिन्यांनी मागू लागला. आधी तिच्याजवळचे भिशीचे पैसे, नंतर जे मागितले ते सांगायची गरज नाही. "नाही म्हणलं तर दादाला सांगतो म्हणतोय." पोलिसांत तक्रार द्यावी का, यावर आम्ही तिच्याशी तीनदा बोललो. तक्रार म्हणजे सगळेच उघड होणार, म्हणून तिने तिन्ही वेळा नको म्हटले. शेवटी धाकट्या पोराला घेऊन ती माहेरी गेली. थोरला सासरीच राहिला. त्याची महिन्यातून एकदा भेट व्हावी यासाठी आम्हाला दोन वर्षे खटपट करावी लागली.

हे लिहिण्याआधी मी तिला विचारले. तिने एक गोष्ट बदलायला सांगितली, ती बदलली आहे. बाकीचे लिही म्हणाली.

तेव्हापासून मी जिथे जाते तिथे या उसन्या सह्यांची चौकशी करते. भावाची सही, शेजाऱ्याची सही, ज्या रिक्षातून आली त्या रिक्षावाल्याची सही. कार्यकर्त्यांच्या बैठकीत विषय काढला की प्रत्येकीजवळ एक तरी अशी हकिगत निघते. दवाखान्यातही हे सगळ्यांना ठाऊक असते. सही नवऱ्याची नाही हे सिस्टरना कळते, डॉक्टरांना कळते, कागद टाचणाऱ्या मावशींनाही कळते. मग ती सही हवी कशाला? नवऱ्याचे मत जाणून घेण्यासाठी नव्हे, हे तर उघड आहे. ती हवी असते फाइल पुरी दिसावी म्हणून. दवाखान्याची फाइल पुरी व्हावी यासाठी बाईला एका पुरुषाचे मिंधे व्हावे लागते, आणि ते मिंधेपण ती फाइल नष्ट झाल्यावरही उरते. उसने मीठ परत करता येते. ही सही कशाने फेडायची?

डॉक्टर आणि सिस्टर हे दुष्टपणाने करतात असे मला म्हणायचे नाही. भीतीने करतात. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणली. ते योग्यच झाले. पण त्यानंतर आपल्याकडे संमतीचा कागद जो जाड होत गेला तो, माझ्या मते, रुग्णाला अधिक समजावे म्हणून झाला नाही. उद्या कोणी कोर्टात गेले तर दाखवायला असावा म्हणून झाला. मग जितक्या सह्या जास्त तितके बरे! बाईला काय समजले, याची नोंद त्यात कुठेच नसते.

आणि ही भीती अगदीच बिनबुडाची आहे असेही नाही. २००७ साली एका घटस्फोटाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मानसिक क्रूरतेची काही उदाहरणे दिली. त्यात, वैद्यकीय कारण नसताना नवऱ्याच्या संमतीशिवाय किंवा त्याला न कळवता बायकोने गर्भपात करून घेणे, हे एक उदाहरण होते. हे वाक्य आपल्या चळवळीला झोंबले पाहिजे होते, तेवढे झोंबले नाही. पण तेही नवरा-बायकोच्या भांडणापुरतेच आहे. डॉक्टरने नवऱ्याची सही घ्यावी असे त्यात कुठेही नाही. पुढे एका नवऱ्याने, माझ्या संमतीशिवाय गर्भपात केला म्हणून, बायकोवर आणि डॉक्टरांवर मिळून ३० लाख रुपयांच्या भरपाईचा दावा लावला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०११ साली तो फेटाळला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली त्यात हात घालायला नकार दिला. नर्सिंगच्या किंवा डॉक्टरकीच्या विद्यार्थ्यांना दोनच निकाल शिकवायचे तर त्यातला एक हा असावा.

दुसरा सप्टेंबर २०२२ मधला. दिल्लीतील एका अविवाहित तरुणीच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी दिलेला. २० ते २४ आठवड्यांच्या सोयीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, हे त्यातले मुख्य सूत्र. वर्तमानपत्रांत तेच आले. पण आपल्या कामाचे वाक्य पुढे आहे. डॉक्टर मंडळी कायद्यात नसलेल्या अटी घालतात, घरच्यांची संमती मागतात, कागदोपत्री पुरावे मागतात, कोर्टाची परवानगी आणा म्हणतात. हे थांबले पाहिजे, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट म्हटले आहे. मी त्या पानाची झेरॉक्स पिशवीत ठेवते.

इथवर सगळे सरळ आहे. नसबंदीपाशी आले की गुंता होतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. भारतीय वैद्यक परिषदेची २००२ ची आचारसंहिता आजही लागू आहे. २०२३ मध्ये तिच्या जागी नवी आणली होती, ती त्याच महिन्यात स्थगित झाली. या आचारसंहितेत, ज्या शस्त्रक्रियेने वंध्यत्व येऊ शकते तिला नवरा आणि बायको दोघांचीही संमती हवी, असे लिहिलेले आहे, आणि तेही 'गैरवर्तन' या प्रकरणात. म्हणजे न घेतली तर डॉक्टरच्या नोंदणीवर गदा. उलट सरकारच्याच कुटुंब नियोजनाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात की नसबंदीसाठी जोडीदाराच्या संमतीची गरज नाही. एकाच डॉक्टरच्या टेबलावर हे दोन कागद आहेत, दोन्ही अधिकृत. नीतीच्या नावाखाली नवऱ्याची सही आणि सरकारी सूचनेत बाईचा हक्क, अशी ही उलटी तऱ्हा आहे. मला विचाराल तर आचारसंहितेतले ते वाक्य काढून टाकावे, यासाठी आपण सह्यांची मोहीम घ्यायला हवी. या वेळी सह्या आपल्या!

नवऱ्याच्या सहीने बाईचे रक्षण होते असे ज्यांना वाटते त्यांनी बीडकडे पाहावे. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जी पाहणी आली, तिच्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्या फाइलींमध्ये सह्या आणि अंगठे कमी पडले असतील असे मला वाटत नाही. कमी पडले ते वेगळेच. पिशवी काढल्यावर शरीरात काय काय बदलते, औषधाने भागेल का, थांबले तर काय होईल, हे कोणीतरी बाईशेजारी स्टूल ओढून तिच्या भाषेत सांगायला हवे होते. मुकादमाची उचल घेतलेली, एक खाडा झाला तरी पैसे कापले जाणार, अंगावरून जाते म्हणून बेजार झालेली बाई 'काढून टाका' म्हणते, तेव्हा ती संमती म्हणायची का? कायद्याच्या भाषेत कदाचित हो. नीतीचा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो.

समीरा कोहली निकाल याच संदर्भात वाचण्यासारखा आहे. १९९५ साली दिल्लीत ४४ वर्षांच्या एका अविवाहित बाईने दुर्बिणीने तपासणी करून घ्यायला संमती दिली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेऊन तिची गर्भपिशवी आणि बीजांडे काढून टाकण्यात आली. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जीव वाचवण्याची निकड नव्हती. सज्ञान बाई तात्पुरती बेशुद्ध आहे एवढ्यावरून तिची संमती आईला देता येत नाही. तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे. तत्त्व मोठे. भरपाई मिळाली २५ हजार रुपये, तीही तेरा वर्षांनी.

संमतीइतकीच दुसरी गोष्ट गुपिताची. गर्भपाताच्या २००३ च्या नियमावलीत एक फार चांगली तरतूद आहे आणि ती जवळजवळ कोणालाच माहीत नसते. बाईचे नाव फक्त एका प्रवेश नोंदवहीत लिहायचे. ती वही गोपनीय. बाकी केसपेपर, ऑपरेशन थिएटरचे रजिस्टर, पुढच्या तपासणीचे कार्ड, कशावरही नाव लिहायचे नाही. नोंदवहीतला अनुक्रमांक लिहायचा. २०२१ च्या दुरुस्तीने तर नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. आता आपापल्या तालुक्याच्या दवाखान्यात डोकावून पाहा. मी काम करत होते तिथे वॉर्डाच्या भिंतीवर पांढरा फळा होता. खाट क्रमांक, नाव, गाव आणि पुढे लाल अक्षरांत 'एमटीपी'. भेटीच्या वेळेत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. त्या फळ्यावर लिहिणाऱ्या मुलीचा अक्षराबद्दल सत्कार झाला होता.

एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ चा कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. समजावून सांगून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकाल परस्पर कोणाला सांगायचा नाही. पण गरोदर सुनेचा निकाल सासूच्या हातात देण्याची पद्धत आजही पुष्कळ ठिकाणी चालते, कारण रांगेत सासू उभी असते.

डॉक्टर शपथ घेतात. नर्सिंगच्या मुली हातात दिवा घेऊन नाइटिंगेलच्या नावाची शपथ घेतात, तिच्यात रुग्णाचे गुपित राखण्याचे वचन असते. आयामावशींना कोणी शपथ देत नाही. वॉर्डात सर्वांत जास्त त्यांना माहीत असते. बेडपॅन देणारी, कपडे बदलणारी, रडणाऱ्या बाईला पाणी आणून देणारी तीच असते. आशाताईंचे तर आणखी अवघड. त्या त्याच गावच्या, त्याच भावकीतल्या. २००५ साली आरोग्य अभियान आले तेव्हापासून गावातल्या प्रत्येक घरातली पाळी, गरोदरपण आणि गोळी त्यांच्या वहीत आहे. 'कुठवर आलं तुझ्या जावेचं?' असे पाणवठ्यावर कोणी विचारले तर काय म्हणायचे, हे त्यांना एकाही प्रशिक्षणात शिकवलेले मी पाहिले नाही. लोह-गोळ्यांचा हिशेब शिकवतात.

एका प्रश्नावर माझे स्वतःचे मत अजून पक्के झालेले नाही, तो अठरा वर्षांखालच्या मुलींचा. बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी २०१२ च्या कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती झाली की पोलिसांना कळवणे सगळ्यांना बंधनकारक आहे. न कळवणे हा गुन्हा. अत्याचार झालेल्या मुलीसाठी हे कलम हवेच, आपण ते मागितले होते. पण सोळा-सतरा वर्षांची, घरच्यांनी लग्न लावून दिलेली किंवा स्वतःहून कोणाबरोबर राहणारी मुलगी गरोदर असते, आणि केसपेपर काढताच पोलीस येतात हे तिच्या घरच्यांना कळलेले असते. ती दवाखान्यात येतच नाही. कुठेतरी आडबाजूला, भलत्याच माणसाकडे जाते. २०२२ च्या त्याच निकालाने एक वाट काढून दिली आहे. मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला पोलिसांना माहिती देताना मुलीचे नाव आणि ओळख सांगण्याची गरज नाही. ही वाट किती डॉक्टरांना ठाऊक आहे, आणि ठाऊक असली तरी स्थानिक ठाण्यात ती मानतात का, हे आपल्या गटांनी आपापल्या तालुक्यात पाहिले पाहिजे. मला अजून दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. बळी पडलेल्या मुलीची खबर दाबली जाऊ नये हे खरे, आणि पोलिसांच्या धास्तीने कोणी मरू नये हेही खरे.

बलात्कारानंतरच्या तपासणीबद्दल इथे विस्ताराने लिहीत नाही, त्यावर स्वतंत्र लेख व्हावा. एवढेच सांगते की उपचार मोफत आणि ताबडतोब द्यायचे, हे खासगी दवाखान्यालाही बंधनकारक आहे. तपासणीला तिची संमती लागते आणि नको म्हणण्याचा हक्क तिला आहे. आणि दोन बोटांची ती किळसवाणी चाचणी करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले आहे.

आता त्या सिस्टरचा प्रश्न. रात्री अकरा वाजता कायदा येतो का? नाही येत. महाराष्ट्रात २०१० पासून दवाखान्यातील हिंसेविरुद्ध कायदा आहे, अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. गर्भपाताच्या कायद्यातही सद्भावनेने काम करणाऱ्या डॉक्टरला संरक्षण आहे. पण चार पोलीस यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात टेबल उलटते, आणि वॉर्डात त्या वेळी एकटी सिस्टर असते. तिच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते.

तरी सिस्टर, एक विचारते. तो नवरा दारात आला कसा? त्याला सांगितले कोणी? तुमच्या वहीत तिचे नाव गोपनीय असते, फळ्यावर क्रमांक असता, तर त्याला कळायला वाटच नव्हती. आपण त्याची सही मागायला तिला घरी पाठवतो, तेव्हाच त्याला बोलावणे जाते. त्या दहा माणसांना दाराशी आणणारी पहिली व्यक्ती पुष्कळदा आपणच असतो. आणि 'नवऱ्याला बोलवा' हा हुकूम डॉक्टर तोंडी देतात. निभावावा लागतो तुम्हाला. तो एकदा लेखी मागून पाहा.

आम्ही मागून पाहिला. गेल्या वर्षी आमच्या गटातल्या एकीने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून एकच ओळ लिहिली : सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी पतीची सही घेण्याबाबतच्या शासन निर्णयाची प्रत मिळावी. अठ्ठावीस दिवसांनी उत्तर आले, 'सदर अभिलेख कार्यालयात आढळून येत नाही.' ते उत्तर आम्ही प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवले आहे. कोणा बाईला परत पाठवल्याचे कळले की तिच्याबरोबर जाते ती कार्यकर्ती 'सी' नमुना, २०२२ च्या निकालाचे पान आणि हे पत्र घेऊन जाते. आवाज चढवायचा नाही, एवढा नियम. सिस्टरशी भांडायचे नाही, कारण उद्या तिच्याच वॉर्डात आपल्याला जायचे आहे. नुसते म्हणायचे, नवऱ्याची सही हवी असेल तर कोणत्या कलमाखाली ते लिहून द्या. आजवर कोणी लिहून दिलेले नाही. बहुतेक वेळा ड्रॉवरमधून 'सी' नमुना निघतो.

दरवेळी निघतोच असे नाही. जूनमध्ये एक बाई आमची कार्यकर्ती पोचण्याआधीच घरी परतली, आणि परत आली नाही.

त्या प्रशिक्षणाच्या शेवटी एक तरुण सिस्टर जिन्यात थांबली होती. म्हणाली, "मॅडम, माझ्या सिझेरियनच्या कागदावर माझ्या नवऱ्यानं सही केली. मी त्याच वॉर्डात ड्युटी करते. मला कोणी विचारलंच नाही, आणि मलाही काही वाटलं नाही. आज वाटलं."

पुढचे प्रशिक्षण पुढल्या महिन्यात आहे. आम्ही केंद्राला पत्र लिहून कळवले की या वेळी आयामावशी, वॉर्डबॉय आणि केसपेपर काढणारे कारकून यांनाही बसवा. फळ्यावर नाव लिहिणारे आणि सही मागणारे हात त्यांचेही असतात. केंद्राचे उत्तर आले आहे. चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना बसण्यास हरकत नाही, मात्र त्यांच्या चहा-नाश्त्याची तरतूद मंजूर अंदाजपत्रकात नाही, असे कळवले आहे. पोह्यांचे आमच्या बचतगटाने अंगावर घेतले आहे. चहाला दूध कोण देणार ते सोमवारी ठरवायचे आहे.